जोडाआधीचं काम

जबलपूरच्या हातांना धातूची सवय कारखान्यांनी लावली. 1904 मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या याच गावात तयार झाल्या. जोंगाचं उत्पादन 1999 मध्ये थांबलं, आणि ज्या गाडीचं उत्पादनच थांबलं तिच्या मालकाला दुरुस्तीवाचून फारशी वाट उरत नाही. पण प्रश्न जुन्या गाड्यांपुरता नाही. हल्लीच्या साध्या मोटारीतही इंजिनचं हेड, गिअरबॉक्सचं कवच, कित्येकदा ऑइल चेंबरसुद्धा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. दगडावर आदळून चेंबर तडकला की शोरूमवाले नवाच घ्यायला सांगतात, तर आर्गन वेल्डिंगवाला तासाभरात जोडून देतो म्हणतो. माझं म्हणणं असं, की असे बरेच भाग जोडण्यासारखे असतात. मात्र जोड टिकणार की नाही हे आर्क पेटण्याआधीच ठरतं, आणि तासाभराच्या कामात नेमकं तेच गाळलं जातं.

ओतीव ॲल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं असतात. वर्षानुवर्षं तेलात राहिलेल्या चेंबरमध्ये तेल मुरलेलं असतं. बाहेरून धुऊन लख्ख केलेला तुकडा जरा तापवला की तड्याच्या कडेने काळपट ओल झिरपू लागते. ती पुसायची, पुन्हा तापवायचं, पुन्हा पुसायची. ओल थांबेपर्यंत हेच. कंटाळून मध्येच वेल्डिंग सुरू केलं, तर तेलातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू गोठताना बुडबुडे होऊन अडकतो. वरून जोड गुळगुळीत, आतून जाळी. दुसरा अडथळा ऑक्साइडच्या पापुद्र्याचा. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. वरचा पापुद्रा मात्र 2000 अंश ओलांडल्याशिवाय वितळत नाही. म्हणून फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रश लागतो, आणि एसी करंट लागतो, कारण त्याची एक अर्धफेरी पापुद्रा फोडते आणि दुसरी धातू वितळवते. तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडलं की तो पुढे पळत नाही. मग तडा खोलवर खोदायचा आणि जाड भाग दीडशे अंशांच्या आसपास तापवून घ्यायचा, कारण हा धातू उष्णता झपाट्याने पसरवतो आणि तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो. लोखंडासारखा तो लाल होऊन इशाराही देत नाही. पृष्ठभाग ओला होऊन चमकला की कारागिराने रॉड टेकवायचा. क्षणभर उशीर झाला तर तिथे भोक. शेवटी करंट हळूहळू उतरवावा लागतो, नाहीतर शेवटच्या खळग्यातूनच नवा तडा निघतो.

मग नवा भागच का घेऊ नये? स्वस्त आणि सहज मिळत असेल तर जरूर घ्यावा. विशेषतः डाय कास्टिंगच्या पातळ कवचांच्या बाबतीत, कारण ओततानाच त्यांत हवा कोंडलेली असते आणि वेल्डिंगच्या वेळी ती फसफसून वर येते. काही जण एपॉक्सीची लापी सुचवतात. ती गाडी घरापर्यंत पोचवते. पुढे वेल्डिंग करायचं झालं की तीच कणाकणाने खरवडून काढावी लागते. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला बराचसा मान्य आहे. अलॉय व्हील आणि सस्पेन्शनच्या भागांना बहुधा उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेली असते. वेल्डिंगने जोडाशेजारची ती ताकद उतरते. चेंबरचा जोड सुटला तर तेल गळेल, वेळीच न थांबल्यास इंजिन बसेल. व्हीलचा आरा तुटला तर माणसं जातील. असं काम कारागिराने घेऊच नये, गिऱ्हाइकाने कितीही आर्जवं केली तरी. हेडचं प्रकरण मधलं आहे. ते अनेकदा इंजिन जास्त तापल्यामुळे तडकतं, तेव्हा रेडिएटर आणि थर्मोस्टॅट न पाहता नुसता तडा बुजवला तर दुखणं कायम राहतं. शिवाय तापलेलं हेड वाकतं. फेसिंग आणि प्रेशर टेस्ट न करता ते बसवलं तर नवं गॅस्केटही वाया जातं.

गाडीमालकांना विनंती एवढीच, की घासाघीस करताना धुण्यातापवण्याचा आणि तपासणीचा वेळ कापू नका. जोडलेला चेंबर बसवण्याआधी जोडावर बाहेरून चुना फासून आतून रॉकेल किंवा डिझेल भरायला सांगा आणि तो रात्रभर तसाच ठेवा. जोड गळका असेल तर चुन्यावर ओला डाग उमटतो.