शालेय छळ आणि तक्रारीची भाषा

शाळेत एखाद्या मुलाला इतरांनी सतत त्रास देणे, या वर्तनाला मराठीत एकच असा रूढ शब्द नाही. चिडवणे, हिणवणे, खोड्या काढणे, टवाळी, दांडगाई, दादागिरी असे शब्द पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी बहुतेकांत अपराधापेक्षा खोडकरपणाचीच छटा अधिक आहे. ‘छळ’ हा शब्द मात्र गंभीर आहे. संस्कृतातील ‘छल’ म्हणजे कपट. हिंदीने तो अर्थ जपला, मराठीत मात्र तो पीडेकडे वळला. तरीही सासुरवासासाठी किंवा संतांना झालेल्या त्रासासाठी हा शब्द जितक्या सहजपणे येतो, तितक्या सहजपणे तो वर्गातील बाकावर बसलेल्या मुलासाठी येत नाही.

त्रास सांगण्याच्या क्रियेला मात्र शब्दांची वाण नाही. चहाडी, चुगली, कागाळी, गाऱ्हाणे, तक्रार, फिर्याद हे सारे शब्द जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. चहाडी करणाऱ्याला दुसऱ्याचे वाईट व्हावे असे वाटत असते. गाऱ्हाणे घालणाऱ्याला स्वतःचे दुःख दूर व्हावे असे वाटते. गौळणींतील गोपी यशोदेच्या दारी कृष्णाची गाऱ्हाणी नेतात, कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते. ऐकणाऱ्याने ते ऐकून घेतलेच पाहिजे, असे त्यात गृहीत असते. शाळेत नेमका हाच भेद पुसला जातो. मूल गुरुजींकडे जे काही सांगते ते सरसकट चहाडी ठरते आणि ‘चहाडखोर’ हे विशेषण एकदा चिकटले की पुढचे वर्ष-दोन वर्षे ते मूल तोंड उघडत नाही. छळणाऱ्याला याहून सोयीचे दुसरे काय असणार?

‘तक्रार’ हा शब्द मुळात अरबी आणि त्याचा मूळचा अर्थ ‘पुनरावृत्ती’. हिंदी-उर्दूत त्यातून वादावादीचा अर्थ निघाला, मराठीत अधिकाऱ्यापुढे मांडलेल्या दुःखाचा. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शालेय छळाच्या व्याख्येत तीन गोष्टी आवश्यक मानल्या: इजा करण्याचा हेतू, दोन पक्षांच्या बळातील विषमता आणि पुनरावृत्ती. एकदा झाली ती खोडी. तीच रोज झाली आणि ती सोसणाऱ्याला प्रतिकार करता येत नसला, की तो छळ. शब्दाचा मूळ अर्थ आणि ही आधुनिक व्याख्या यांची गाठ योगायोगानेच पडली आहे, पण ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तक्रार ऐकणारे कोणी नसते तेव्हा काय होते, याची साक्ष आत्मकथनांत मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आपल्या साताऱ्याच्या शाळेचे वर्णन केले आहे. बसण्यासाठी घरून नेलेले गोणपाट, आणि शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. येथे छळ हाच नियम होता. नियमाविरुद्ध तक्रार करायची ती कोणाकडे?

दोन आत्मकथनांतील प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) शाळेच्या आवारात पडलेल्या शेणावरून गुरुजी मुलीला मारतात. रत्नागिरीत टोपल्या विणून संसार चालवणारी तिची विधवा आई रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारते. त्यानंतर तो हात पुन्हा उठत नाही. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’मध्ये (१९९७) मुख्याध्यापक मुलाला वर्गाऐवजी मैदान झाडायला लावतात. वडील ते पाहतात, झाडू फेकून देतात आणि मुख्याध्यापकांना आव्हान देतात. परिणामी मुलगाच शाळेबाहेर पडतो. मग वडील गावातील सवर्णांच्या दारोदार फिरतात. बहुतेक ठिकाणी टोमणेच मिळतात. शेवटी गावाच्या प्रधानाने शब्द टाकला म्हणून शाळेचे दार उघडते. महाराष्ट्रातील आयुधनिर्माणींत नोकरी करताना वाल्मीकींचा मराठी दलित साहित्याशी परिचय झाला होता, त्यामुळे ही जवळीक केवळ विषयाची नाही. दोन्ही तक्रारी तोंडी, उघड्यावर आणि पालकाच्या हिमतीवर केलेल्या. एक फळली, दुसरी एका वजनदार माणसाच्या मर्जीवर तगली. ज्यांचे आईबाप असे उभे राहू शकले नाहीत, त्यांची संख्या कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

ही मर्जी काढून तिच्या जागी कार्यपद्धती आणणे हे अलीकडच्या कायद्यांचे काम. रॅगिंगला मनाई करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमानुसार लेखी तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. ती टाळल्यास त्याने अपराधाला साहाय्य केले असे मानले जाते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. तथापि कलम १७ मधील शिस्तभंगाची कारवाई सेवानियमांखाली होते. मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासाला ती लागू पडत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा याहून पुढे गेला. माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्यात अपराध आहे. पण न कळवणारे मूल असेल तर त्याला ही शिक्षा नाही. सांगण्याचे ओझे मुलावरून प्रौढावर आणणारी ही तरतूद भाषेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे: येथे चहाडीची कल्पनाच उरत नाही.

प्रतिबंधाचा विचार बहुधा तक्रारपेटीपाशी येऊन थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना पुन्हा तिची आठवण करून दिली. पेटी हवीच, परंतु वर्गशिक्षकाला प्रत्येकाचे अक्षर ओळखता येते, आणि पेटीपाशी कोण गेले हे मधल्या सुटीत सर्वांना दिसते. छळ घडतो तो पाण्याच्या टाकीपाशी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, शाळेच्या गाडीत. तेथे रोज एक मोठे माणूस उभे राहणे हा उपाय साधा, म्हणूनच दुर्लक्षित. १०९८ या क्रमांकावर बोलता तरी येते, लिहावे लागत नाही. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल आश्रमशाळेत येते तेव्हा चिठ्ठीपुरते मराठी त्याला अजून यायचे असते. आणि वसतिगृहात रात्री त्याच्या भाषेत त्याला काय झाले ते विचारणारे कोणी असेलच, असे नाही.