चिखल, नाले आणि पुढची हाउसिंग

१ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या जिप्स्या पाळीपाळीने गॅरेजला लागतात. हंगामभर धूळ खाल्लेल्या गाडीचं पुढचं चाक उतरवलं, हब सुटला, नकलमधून ग्रीसऐवजी तांबडा गाळ निघाला की मालकाच्या मनात हमखास येतं की हे सगळं काढून एखादा भारी ॲक्सलच टाकून द्यावा. शेतावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर किंवा एटापल्लीकडच्या कामावर जुनी महिंद्रा चालवणाऱ्यांचीही हीच इच्छा. माझं मत आधीच सांगतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बहुतेकांना ॲक्सल बदलण्याची गरज नसते, आहे तोच नीट बांधून घेण्याची असते. तरी ज्यांना बदलायचाच आहे त्यांनी काय मोजावं, काय जोडावं आणि कुठे थांबावं, याचा हा आढावा.

गाडीआधी जमीन पाहू. ऑफ-रोडिंग म्हटलं की डोळ्यांपुढे खडक येतात. सह्याद्रीत ते आहेतही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये दरडीवरून विंचने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना जाडजूड ॲक्सल लागतात, ते रास्तच आहे. आपल्याकडचं दुखणं निराळं. वरोरा-राजुऱ्याकडची काळी जमीन चाकाला चिकटून चाक दुप्पट करते. मूल-सिंदेवाहीपासून पूर्वेला धानाच्या बांध्या, पुढे मुरूम, रेतीचे नाले, सागाची खुंटं. जड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पुढच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, घासत जातो तो वेगळाच. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात आणि पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की तालुक्याचा संपर्क तुटतो. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तर पावसाळ्यात गाडीचा विचारच नव्हता. खडक ॲक्सल एका झटक्यात मोडतो. चिखल-पाणी त्याला आतून, बेअरिंग-बेअरिंग करत खातं. इकडे दुसरा प्रकार जास्त.

गाड्यांची घराणी मुख्यतः दोन. एक विलीजचं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने जीप भारतात आणली आणि तिची संतती पुढे एमएम ५४०, कमांडर, मेजर अशा नावांनी गावोगाव फिरली. दुसरं सुझुकीचं. मारुती जिप्सी १९८५ साली आली, १९९३ मध्ये तिचा ट्रॅक ९० मिलिमीटरने रुंद झाला, १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २०००च्या सुमारास तिचं इंजिन ८० अश्वशक्तीवर गेलं. दोन्ही घराण्यांत पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणून अदलाबदलीची भाषा करता येते.

हाउसिंगची जात मात्र वेगळी. जिप्सीची हाउसिंग दाबलेल्या जाड पत्र्याची असते आणि मधला गोळा बोल्ट काढले की क्राउन-पिनियनसकट अख्खा हातात येतो. जुन्या महिंद्राची म्हणजे मधोमध बिडाचं पोट, त्यात दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेल्या नळ्या आणि वर झाकण. तिची क्राउन-पिनियन गाडीखाली आडवं पडून, शिम लावत बसवावी लागते. जंगलाच्या तोंडाशी राहणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा. तयार गोळा पिशवीत घालून नेता येतो, बिडाचं पोट नेता येत नाही.

पुढचा ॲक्सल मोडतो तो बहुधा नकलपाशी. मागच्या ॲक्सलला फक्त चाक फिरवायचं असतं, पुढच्याला फिरवता फिरवता वळवायचंही असतं. जिथे हाफ शाफ्ट वळणातून जातो तिथे कुठे साधा क्रॉस असतो, कुठे गोळ्यांचा सीव्ही जॉइंट. साध्या क्रॉसची एक खोड आहे. शाफ्ट ३० अंशात वळला की एकाच फेऱ्यात चाकाचा वेग मूळ वेगाच्या सुमारे १५ टक्के वर-खाली होतो. वळणात स्टीअरिंग हातात थरथरतं ते त्यामुळे. आल्फ्रेड झेपाने १९२०च्या दशकात काढलेल्या गोळ्यांच्या जॉइंटमध्ये ही थरथर नाही आणि जिप्सीत त्याच कुळातला जॉइंट आहे. पण पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर त्याचाही पिंजरा तडकतो.

हिशेब करून पाहा. समजा इंजिन १०० न्यूटन-मीटर देतं, पहिला गिअर ३.६, ट्रान्स्फर केसचा लो २.२, क्राउन-पिनियन ३.९. गुणाकार ३,००० न्यूटन-मीटरच्या वर जातो. मागची चाकं चिखलात भिरभिरत असतील आणि पुढे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर असेल तर हा सगळा भार एका हाफ शाफ्टवर येऊ शकतो. अशा वेळी स्टीअरिंग पूर्ण कापून रेस करणाऱ्याला कुठलाही ॲक्सल पुरणार नाही. चाक सरळ करा, मग ॲक्सिलरेटर द्या. फुकटातली मजबुती तीच.

आता निवड. पहिलं बघायचं ते गोळा कुठल्या बाजूला आहे ते. ट्रान्स्फर केसमधून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला पुढच्या ॲक्सलचं पोट हवं. उलट बाजूचं आणलंत तर शाफ्ट इंजिनच्या चेंबरखालून तिरका न्यावा लागतो, आणि तो जात नाही. काही जण मागचाच ॲक्सल कापून पुढे लावायला निघतात. तो पुढे लावला की क्राउनचे दात कमजोर बाजूने ओढू लागतात, आणि पालथा केला तर पिनियनचं बेअरिंग तेलाला महाग होतं.

दुसरा रेशिओ. विलीज घराण्यात ५.३८ आणि ४.८८ दोन्ही सापडतात, बाहेरून हाउसिंग सारखीच दिसते. पुढे एक आणि मागे एक बसवलं तर फोर बाय फोर टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात. चिखलात चाक घसरून ताण सुटतो म्हणून कळत नाही. डांबरावर आलात की ट्रान्स्फर केस ओरडते. क्राउनचे दात मोजा, पिनियनचे मोजा आणि भागाकार करा. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. टायर मोठे करायचे असतील तर तोही हिशेब इथेच. २८ इंची काढून ३१ इंची टायर टाकला की गिअरिंग सुमारे ११ टक्के ढिलं पडतं, म्हणजे ३.९ च्या जागी ४.३ लागतं.

रुंदी, पाट्यांच्या पॅडमधलं अंतर, चाकाचे नट, ब्रेक ही मापं टेपने घेता येतात. त्यात फार गूढ नाही. माझ्या मते सर्वांत शहाणी अदलाबदल घराण्यातल्या घराण्यात होते. जुन्या अरुंद जिप्सीला पुढच्या-मागच्या जोडीने रुंद ट्रॅकचे ॲक्सल लावले तर गाडी तिरप्या उतारावर बसकी राहते, आणि किंगची जोडी मिळाली तर पुढे डिस्क ब्रेकही येतात. चिखलाने भरलेले ड्रम घेऊन घाट उतरलेल्या माणसाला डिस्कचं महत्त्व सांगावं लागत नाही. उलट जिप्सीला लष्करी लिलावातल्या जोंग्याचा ॲक्सल लावावा म्हणणारेही भेटतात. जबलपूरची जोंगा दणकट, यात वाद नाही. पण जिप्सी भरते जेमतेम एक टन, आणि बांधीतून ती निघते ती त्या हलकेपणावर. पोटाखाली मोठा गोळा लोंबवला की नांगर लावल्यासारखी माती ओढत बसते.

मजबुतीकरणाचं काम दिसतं सोपं, बिघडतं पटकन. नळीच्या पाठीवर पट्टीची कैची बसवतात, नकलच्या मुळाशी त्रिकोणी गसेट लावतात. दोन्ही उपयोगी. पण नळीच्या एकाच बाजूला सलग वेल्डिंग मारलं की थंड होताना नळी त्या बाजूला ओढली जाते. वाक डोळ्यांना दिसत नाही. हाफ शाफ्टचं सील महिन्याभरात गळायला लागतं, टायर एका कडेने झिजतो, तेव्हा कळतं. म्हणून इंच-दीड इंचाचे टाके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. आधी आतलं सगळं काढून त्याजागी सरळ बार घालून ठेवला तर उत्तम. बिडाच्या पोटाला नळी वेल्ड करायची असेल तर पोट आधी सगळीकडून तापवावं, निकेलची रॉड वापरावी आणि काम झाल्यावर राखेत किंवा कोरड्या रेतीत गाडून सावकाश निवू द्यावं. घाई केली की वेल्डिंगशेजारीच बारीक तडा जातो.

गाडी उंच केली की आणखी एक गोष्ट बिघडते. किंगपिनची रेषा वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेली असते, साधारण ३ ते ६ अंश. स्टीअरिंग आपोआप सरळ येतं ते या झुकावामुळे. प्रॉपेलर शाफ्टचा कोन सुधारायला पिनियनचं तोंड वर केलं की हा झुकाव जातो, आणि चंद्रपूर–मूल रस्त्यावर साठच्या वेगात पुढची चाकं थडथडायला लागतात. पाट्याखाली पाचर घालून दोन अंश सावरता येतात. त्याहून जास्त लागत असेल तर नळीवरची नकल कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावी लागते. ते काम कोन मोजण्याचं साधन असलेल्या माणसाकडेच द्यावं.

आणि पाणी. आलापल्लीकडच्या एका मिस्त्रीने माझ्यासमोर एका कमांडरचा फिलर प्लग काढला, बोट आत घालून बाहेर काढलं. बोटावर पांढुरकं तेल. "पानी गेला जी अंदर," तो म्हणाला, "सील नवाच आहे, श्वास कोंडला हाये." हाउसिंगच्या वरचा ब्रीदर मातीने बुजला होता. तासभर चालून तापलेली हाउसिंग नाल्याच्या गार पाण्यात बुडते, आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून पाणी ओढते. इलाज अगदी स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली वर बांधायचं. पाणी दिसलंच तर त्याच आठवड्यात तेल बदलायचं, कारण गंजाचे ठिपके पडलेलं पिनियनचं बेअरिंग परत सुधारत नाही. मोठा ॲक्सल घ्यायला निघालेल्या कित्येकांचं दुखणं एवढ्या नळीत मिटतं. उरलेल्यांपैकी पुष्कळांचं किंगपिनची बेअरिंगं, नकलचं सील आणि पाट्यांची बुशं बदलून.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यात. नाशिकला बनणाऱ्या २०२०च्या थारला आणि नव्या गुरख्याला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. ते काढून अखंड ॲक्सल टाकणं म्हणजे चेसिसचं तोंडच नव्याने बांधणं. स्पर्धेच्या गाडीला ठीक, रोजच्या गाडीला नको. २०२३ साली आलेल्या जिम्नीला पुढे अखंड ॲक्सलच आहे, फक्त पाट्यांऐवजी कॉइल.

कायद्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. सफारीच्या परवान्यावर चालणाऱ्या गाडीने तर या वाटेला जाऊच नये. त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा ॲक्सल दुरुस्ती म्हणून बदलणं निराळं. परक्या गाडीचा लावायचा असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय कटर हातात घेऊ नका.

बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी गाडी जंगलात नेऊ नये. ५० किलोमीटर रिकामी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे आणि पॅड एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. हब हाताला किती गरम लागतो ते दोन्ही बाजूंना पाहावं. एक बाजू जास्त तापत असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून ब्रेकचा होज कुठे ताणतोय का, टायर पाट्याला घासतोय का, हे गाडी जॅकवर आणि जमिनीवर, दोन्ही वेळा तपासावं. ५०० किलोमीटरला क्राउनचं तेल काढून चुंबक लावलेला ड्रेन प्लग पुसून बघावा. राखेसारखी बारीक पूड असेल तर चालेल. खवले हाताला टोचत असतील तर गोळा परत खाली उतरवायचा.