पेशीच्या केंद्रकात उमटणारी खर्ऱ्याची खूण

सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर मिळतो. दुकानाच्या गादीवर, गोदामात, मालाची वाट पाहताना तो तासन्‌तास गालात राहतो. जे खर्रा खात नाहीत, त्यांच्याही घरी जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून सुपारी असतेच. आणि साधी सुपारी निरुपद्रवी, हा समज अजूनही दृढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले.

हा परिणाम प्रथम उमटतो तो पेशीच्या केंद्रकात. अवघ्या सहा-सात मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा या गोलकात ४६ गुणसूत्रांच्या रूपाने सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळलेला असतो. निरोगी केंद्रक गोलसर, गुळगुळीत कडेचे आणि पेशीच्या मानाने लहान असते. कर्करोगाच्या वाटेवरील पेशीत ते फुगते, त्याची कड वेडीवाकडी होते, शेजारच्या दोन पेशींची केंद्रकेही एकसारखी राहत नाहीत, आणि रंग दिल्यावर ते गडद दिसते. हा निळसर-जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून तो काढतात. युरोपात कापड रंगविण्यासाठी याच लाकडाचा एकेकाळी मोठा व्यापार चाले.

कर्करोगाच्या पेशींची विभागणी असमान होते, हे बर्लिनचे हान्सेमान यांनी १८९० च्या सुमारास नोंदविले. गुणसूत्रांतील बिघाड हेच रोगाचे मूळ असावे, असा तर्क बोव्हेरी यांनी १९१४ साली मांडला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

पेशी दुभंगताना गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहिला, तर त्याभोवती वेगळे, इवलेसे केंद्रक तयार होते. त्यास सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. कॅनडातील हान्स स्टिच व सहकाऱ्यांनी १९८२ साली भारतातील विडा-सुपारी खाणाऱ्यांच्या गालातील पेशी तपासल्या, तेव्हा अशी सूक्ष्मकेंद्रके अधिक आढळली. परंतु केवळ तेवढ्यावरून कर्करोगाचे निदान होत नाही. ब-१२ जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल यांच्या कमतरतेनेही ती वाढतात. शाकाहारी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

निदानासाठी तुकडाच तपासावा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, पॅराफिन मेणात बसवून, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. अहवालात ‘डिसप्लेसिया’ हा शब्द आला, तर घाबरून कागद कपाटात ठेवू नये. केंद्रके बिघडली आहेत, पण पेशींनी खालचा पापुद्रा अजून ओलांडलेला नाही, असा त्याचा अर्थ. बिघाड त्वचेच्या किती थरांत पोहोचला, यावरून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या ठरतात. प्रत्येक डिसप्लेसियाचा कर्करोग होत नाही. पण कोणाचा होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सवय त्याच दिवशी सोडणे आणि ठरल्या तारखांना तपासणीस जाणे आवश्यक असते.

व्यापारी घरांत उशीर होतो तो येथेच. हंगाम आटोपू दे, लग्नसराई जाऊ दे, अशा सबबी निघतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही निराधार भीतीही असते. तोंडात आपली तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा अथवा जखम दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय गाठावे. तोंड उघडणे कमी करणारा तंतुमय ताठरपणा एकदा आला की पूर्णपणे परत फिरत नाही, हेही लक्षात असावे.

अहवालाबाबत शंका असल्यास प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा मागून घेता येतो. त्याच तुकड्यावर दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे मत मिळते. रुग्णाला पुन्हा टोचण्याची गरज बहुधा पडत नाही.