मँक्स बग्गी : एका गॅरेजातील निर्मितीचा मागोवा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड-दोन दशकांत कॅलिफोर्नियातील पिझ्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर सुट्टीच्या दिवशी ज्या गाड्या धावताना दिसत, त्या कोणत्याही कारखान्यातून तशाच बाहेर पडलेल्या नसत. जुनी अमेरिकन मोटार घ्यावी, तिचे छप्पर, दारे आणि मडगार्ड उतरवून टाकावेत, उरलेल्या सांगाड्यावर मोठे व्ही-एट इंजिन आणि दोन आसने बसवावीत, आणि घरामागच्या शेडमध्ये रात्री जागून जुळविलेले हे यंत्र रविवारी वाळूत उतरवावे, असा तेथील हौशी मंडळींचा परिपाठ होता. या गाड्यांत बळ अमाप होते. परंतु जे इंजिन ते बळ देई त्याच इंजिनाच्या, त्याच्या रेडिएटरच्या आणि रेडिएटरमधील पाण्याच्या वजनाने चाके वाळूत रुतत, ती रुतू नयेत म्हणून अधिक बळाचे इंजिन आणले जाई, आणि त्यापायी वजन पुन्हा वाढे. याच टेकड्यांवर कोणी कोणी फोक्सवॅगन बीटलचे पत्रे कापून नुसता तिचा तळ आणि इंजिन घेऊन येऊ लागले, तेव्हा जेमतेम चाळीस अश्वशक्तीची ती गाडी भल्याभल्यांना मागे टाकून चढ चढून जाते, हे ब्रूस मेयर्स नावाच्या एका होड्या बांधणाऱ्या कारागिराच्या नजरेत भरले. वाळूवरच्या हलक्या गाडीचा गेल्या साठ वर्षांतील मागोवा घ्यावयाचा, तर आरंभ मला या निरीक्षणापासूनच करावासा वाटतो.

बीटलच्या रचनेत वाळूला अनुकूल असे पुष्कळ काही होते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने गाडीचे बहुतेक वजन ओढ देणाऱ्या चाकांवरच पडे. ते हवेने थंड होत असल्याने रेडिएटरची गरज नसे. चारही चाकांना पिळाच्या पोलादी दांड्यांचे स्वतंत्र सस्पेन्शन असे. आणि खालचा तळ सपाट असल्याने तो उंचवट्यावर न अडकता घसरत पुढे जाई. शिवाय बीटलचे वरचे कवच या तळावर बोल्टांनी बसविलेले असे. अपघातात चेपलेल्या किंवा वरून गंजलेल्या बीटलचा तळ कित्येकदा धडधाकट राही, आणि भंगारवाल्याकडे तो स्वस्तात मिळे.

मेयर्स यांचा जन्म 1926 सालचा. तरुणपणी ते आरमारात होते आणि 11 मे 1945 रोजी ओकिनावाजवळ ज्या ‘बंकर हिल’ या विमानवाहू नौकेवर जपानी आत्मघातकी विमाने आदळली, त्या नौकेवरून वाचलेल्यांपैकी ते एक होत. युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या शूनार्ड कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन ते वर्षानुवर्षे खेळले, आणि उपजीविकेसाठी फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या बांधण्याचे काम करू लागले. चित्रकाराची दृष्टी, समुद्राची सवय आणि होडीकाराचा हात ही तिन्ही एका ठिकाणी आली नसती, तर त्यांनी पुढे घडविलेल्या ‘मँक्स’ या बग्गीला तिचे रूप लाभले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरग्लासचे काम करणाऱ्याला ठाऊक असते की सपाट पृष्ठभाग लवचिक राहतो आणि वळविलेला पृष्ठभाग ताठ होतो. म्हणून मेयर्स यांनी गाडीच्या कवचात एकही सपाट भिंत उगाच ठेवली नाही. पुढचे मडगार्ड वर उचललेले, कारण खाली रुंद टायरांना जागा हवी. बोनेट उतरते, कारण चालकाला समोरची वाळू दिसली पाहिजे. बाजू आत वळलेल्या, कारण त्या वळणानेच कवचाला बळ येते. या गाडीकडे पाहून जो आनंद होतो, तो अशा एकेका कारणातून उपजलेला आहे.

न्यूपोर्ट बीच येथील आपल्या गॅरेजात त्यांनी 1964 साली पहिली गाडी पूर्ण केली. पुढे ‘ओल्ड रेड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या लाल गाडीला खाली बीटलचा तळ नव्हता. होडीप्रमाणे फायबरग्लासचे कवच हेच तिचे शरीर आणि हाच तिचा सांगाडा होता, आणि त्यालाच आतून पोलादाची जोड देऊन चाके व इंजिन जोडले होते. आखूड शेपटीच्या मँक्स मांजरावरून तिचे नाव पडले. या पद्धतीच्या बारा गाड्या निघाल्या. परंतु एकेका कवचाला श्रम फार लागत, किंमत हजार डॉलरांच्या घरात जाई आणि घरच्या घरी ती जोडणे सामान्य हौशी माणसाला कठीण पडे. मेयर्स यांनी तेव्हा आपली सर्वांत सुंदर कल्पना बाजूला ठेवली आणि कवच बीटलच्याच तळावर बसेल अशा रीतीने नवा साचा घडविला. किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. कारागिराने स्वतःच्या कौशल्यापेक्षा दुसऱ्याच्या हातांची मर्यादा मोठी मानावी, ही गोष्ट विरळा घडते. मँक्सच्या सर्व इतिहासात मला हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथून पुढे ती गाडी हजारो अनोळखी माणसांच्या शेडमध्ये घडू लागली.

त्या शेडमध्ये जे काम चाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. बोल्ट सोडून बीटलचे कवच उचलले की खाली एक लांबट पोलादी तळ उरतो, आणि त्याच्या मधोमध पुढून मागे एक उंच कणा जातो. हा कणा पोकळ असतो. गिअर बदलण्याचा दांडा, क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची आणि हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, हे सारे त्यातूनच मागे जाते. मँक्ससाठी या तळाचा सुमारे साडेचौदा इंचांचा पट्टा कापून काढावा लागे. तो कापण्यापूर्वी आतल्या केबली ओढून घ्यायच्या, नळीत पेट्रोलचा थेंबही राहू द्यायचा नाही, खडूने आणि गुण्याने रेघ आखायची, मग दोन्ही भाग एकमेकांना भिडवून, कोनाकोनातून माप घेऊन, आधी थोडथोड्या अंतरावर वेल्डिंगचे टाके घालायचे आणि पुन्हा मोजून मगच सांधा पुरा करायचा. येथे माप किंचित चुकले तरी पुढची आणि मागची चाके एका सरळ रेषेत धावत नाहीत. त्यानंतर गिअरचा दांडा तितकाच आखूड करून जोडावा लागे आणि केबलीही नव्या मापाच्या कराव्या लागत. पुढच्या-मागच्या चाकांमधले साडेचौऱ्याण्णव इंचांचे अंतर अशा रीतीने ऐंशी इंचांवर येई. महायुद्धातल्या विलीज जीपचे, आणि म्हणून महिंद्रांनी मुंबईत बांधलेल्या व आपल्याकडील मिस्त्रींच्या पूर्ण परिचयाच्या जुन्या सीजे-3बी जीपचेही, हे अंतर ऐंशी इंचांचेच आहे. खडतर जमिनीवर चटकन वळावयाचे तर गाडी आखूड हवी, या निष्कर्षाला दोन अगदी निराळ्या वाटांनी दोन निराळी माणसे पोहोचली.

या गाडीची खरी परीक्षा मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात झाली. तिहुआना ते ला पाझ हे सुमारे साडेनऊशे मैलांचे अंतर त्या काळी बव्हंशी दगडधोंड्यांचे आणि धुळीचे होते. 1962 साली डेव्ह एकिन्स याने होंडा मोटारसायकलवर ते चाळीस तासांच्या किंचित आत काटले होते, आणि दोन्ही टोकांच्या तार कचेऱ्यांतून पाठविलेल्या तारा हाच त्याचा पुरावा होता. 1967 साली मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी ओल्ड रेडमधून ला पाझहून निघून 34 तास 45 मिनिटांत तिहुआना गाठले. दोन चाकांच्या वाहनाचा उच्चांक चार चाकांच्या, घरी बांधलेल्या गाडीने पाच तासांहून अधिक फरकाने मोडला, ही वार्ता पसरताच त्याच वर्षी त्या वाटेवर ‘मेक्सिकन 1000’ ही रीतसर शर्यत भरली. ती विक विल्सन आणि मँगल्स यांनी मँक्समधूनच 27 तास 38 मिनिटांत जिंकली. पुढे ‘बाहा 1000’ म्हणून जगप्रसिद्ध झालेली शर्यत ती हीच. 1968 साली ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन याने मँक्स समुद्रकिनाऱ्यावर बेफाम उधळली, आणि ज्यांनी कधी हातात पाना धरला नव्हता त्यांच्याही मनात ती भरली.

मागणी वाढली तशा नकलाही वाढल्या. फायबरग्लासच्या कामात नक्कल करणे फार सोपे असते. एक कवच विकत घ्यावे, त्यावरूनच साचा काढावा, आणि त्या साच्यातून हवी तितकी कवचे घडवावीत. मेयर्स यांच्यापाशी पेटंट होते. त्याच्या आधारे त्यांनी दावा गुदरला, परंतु न्यायाधीशांनी ते पेटंट ग्राह्य धरले नाही आणि निकाल विरुद्ध गेला. मूळ मँक्सची कवचे पाच हजारांवर थोडीशीच निघाली. तिच्या नकला मात्र जगभर अडीच लाखांच्या आसपास झाल्या असाव्यात असा अंदाज केला जातो. 1971 साली कंपनी बंद पडली. कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो निकाल योग्य असेलही. तथापि बोनेटच्या त्या उतारावर आणि मडगार्डच्या त्या उचलीवर ज्याच्या बोटांचा ठसा होता, त्याला स्वामित्वधनाचा एकही पैसा न मिळावा, हा मला आजही अन्याय वाटतो. ज्या सुलभतेसाठी त्याने आपली पहिली रचना सोडून दिली, तीच सुलभता नकलाकारांच्या उपयोगी पडली.

त्यानंतरचा दोन दशकांचा काळ मेयर्स यांनी या गाडीपासून दूर राहून काढला. 1994 साली जुन्या मालकांचा मँक्स क्लब स्थापन झाला, ते पुन्हा या मंडळींत मिसळू लागले, आणि 2000 साली त्यांनी मूळ रूपाच्या शंभर गाड्यांचे संच नव्याने काढले. 2014 साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ओल्ड रेडची दुसऱ्या क्रमांकाने नोंद झाली. एका खाजगी गॅरेजात बांधलेल्या गाडीला दप्तरी मिळालेले ते स्थान मेयर्स यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले, याचे मला समाधान आहे. 19 फेब्रुवारी 2021 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज मँक्स बांधू इच्छिणाऱ्यापुढची अडचण निराळी आहे. बीटलचे उत्पादन मेक्सिकोतील प्वेब्ला येथे 2003 साली कायमचे थांबले, आणि जी गाडी एके काळी भंगारातून उचलून आणावी, तीच आता जपून ठेवण्याची वस्तू झाली. चांगला तळ असलेली बीटल कापायला कोणी सहसा तयार होत नाही. म्हणून हौशी माणूस पावसापाण्याने खालून सडलेला तळ शोधतो, त्याचे गंजलेले पत्रे कापून काढतो, नवे पत्रे जोडून तो आधी पूर्ण लांबीचा धडधाकट करून घेतो, आणि त्यानंतरच त्यातून साडेचौदा इंच कापण्यासाठी खडूची रेघ आखतो.