बसलेले, उभे आणि चौकटीबाहेरचे

कारखान्याच्या गावातला जुना ग्रुप फोटो आठवा. मधल्या खुर्च्यांवर साहेब आणि पाहुणे, मागे बाकावर उभे कामगार, पुढे सतरंजीवर शिपाई. खाली छापलेलं असतं : ‘बसलेले, डावीकडून…’ नावं फक्त खुर्च्यांवरच्यांची. सत्तेची उतरंड एका क्लिकमध्ये कायमची नोंदली जाते. सापडलेल्या फोटोंतून घडणारी प्रायोगिक व्हिडिओ कला हीच उतरंड उलगडून दाखवते.

तंत्र काय?

नवं चित्रीकरण जवळजवळ नसतंच. अल्बममधले, दप्तरातले, जुन्या मासिकांतले फोटो घ्यायचे. कॅमेरा फोटोवरून सरकतो, कडेच्या चेहऱ्यावर थांबतो. फोटोंचा क्रम बदलतो, आवाज जोडला जातो. फोटोवरून ओझरती फिरणारी नजर इथे थांबायला शिकते.

तीन कलाकृती

क्यूबाच्या सान्तियागो आल्वारेस यांनी १९६५ मध्ये ‘नाऊ!’ हा लघुपट केला. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचे छापील फोटो आणि बातमीपटांतली दृश्यं त्यांनी गायिका लीना हॉर्नच्या गाण्याच्या ठेक्यावर जोडली.

दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्ह या कलाकार-गटाने २०११ मध्ये एका व्हिडिओसाठी कोलकात्याच्या सर्वेक्षण खात्यातला ब्रिटिशकालीन फोटो घेतला. टेबलांवर वाकलेले भारतीय कर्मचारी. त्यात निळीची छटा उतरते, कामाच्या फळीवर तारे उगवतात. साम्राज्याचे नकाशे करणाऱ्या माणसांना स्वतःची स्वप्नं मिळतात.

मुंबईच्या नलिनी मालानी यांनी २००३ मध्ये ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’साठी फोटोऐवजी राजा रविवर्म्याचं वादक स्त्रियांचं प्रसिद्ध चित्र घेतलं. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारानंतरच्या या व्हिडिओत एकोप्याच्या त्या मैफलीत गोळ्यांचे आवाज घुसतात.

वालचंदनगरात काय सापडेल?

हेच तंत्र आपल्याकडच्या एका कारखान्याच्या गावाला, वालचंदनगरला, लावून पाहू. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वसलं. पुढे इथल्या यंत्रशाळेत इस्रोच्या प्रक्षेपकांचे भागही तयार झाले. अशा गावाची आठवण दोन ठिकाणी असते : कंपनीच्या दप्तरात आणि घरच्या ट्रंकेत. एकीकडे यंत्रं, उद्घाटनं, हारतुरे. दुसरीकडे लग्नं, बारशी, चाळीचं अंगण. दोन्हीकडचे फोटो पडद्यावर शेजारी आले, की गावाचा इतिहास पूर्ण व्हायला लागतो. तरीही ज्यांच्या कोयत्यावर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालतो, ते ऊसतोड कामगार या दोन्हींत क्वचितच असतात. त्यांच्यासाठी पडदा काही क्षण रिकामा ठेवणं हेही विधान ठरतं.

सुरुवात कशी करावी?

फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागे अनेकदा स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. घरच्यांची परवानगी घ्या. फोटोत बदल केला असेल, तर तसं स्पष्ट लिहा. आणि सर्वांत आधी तो फोटो गावातल्या एखाद्या निवृत्त कामगारापुढे ठेवा. मागच्या रांगेवर बोट ठेवून ते जी नावं घेतील, ती ध्वनिमुद्रित करा. खाली कधीच न छापलेली ती नावं म्हणजेच तुमच्या व्हिडिओचा पहिला आवाज.