इनक्यूबेटरमध्ये पिल्लू अडकलंय? अंडं फोडण्याआधी हे वाचा



गावरान कोंबडीपालनाच्या व्हिडिओवर एक प्रश्न सारखा येतो: "सर, 21 वा दिवस उजाडला, पिल्लानं टोच मारली, पण बाहेर येत नाही. अंडं फोडू का?"

उत्तर सोपं आहे: आधी घड्याळ बघा, हात नंतर लावा.

आत काय चाललेलं असतं?

पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. मग कवचाला बाहेरून दिसेल अशी पहिली टोच पडते. यानंतर ते बराच वेळ शांत बसतं. आपल्याला वाटतं अडकलं, पण आत मोठं काम चालू असतं. पापुद्र्याच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. पहिल्या टोचेपासून बाहेर येईपर्यंत 12 ते 24 तास लागणं अगदी नॉर्मल आहे. या वेळेत कवच सोललं, तर रक्तस्राव होऊन चांगलं पिल्लू हातात मरतं.

एका पिल्लासाठी बाकीची धोक्यात घालू नका

धंद्याच्या हिशोबानं हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. समजा मशीनमध्ये 60 अंडी आहेत आणि त्यातल्या 15 ना टोच पडली आहे. तुम्ही झाकण उघडलं की दमट हवा बाहेर जाते, टोच पडलेल्या अंड्यांचा पापुद्रा वाळून पिल्लाला आवळून धरतो. म्हणजे एक वाचवायला गेलात आणि आणखी चार अडकवलीत. बाहेर आलेली पिल्लं काढायची घाईसुद्धा नको. पोटातल्या बलकावर ती 24 तास दाणापाण्याशिवाय मशीनमध्ये आरामात राहतात.

मदत कधी करायची?

- टोच पडून 24 तास उलटले आणि भेग जराही पुढे सरकली नाही.
- पापुद्रा पांढरा-पिवळसर, कागदासारखा कोरडा झाला आहे.
- बरोबरची बहुतेक पिल्लं बाहेर आली, हे एकटंच मागं राहिलं आणि आवाज क्षीण होतोय.

टोचच पडली नसेल तर थांबा. तापमान थोडं कमी राहिलं असेल तर पिल्लं 22 व्या, 23 व्या दिवशीही निघतात.

मदत कशी करायची?

1. हात धुवा. कोमट पाणी, कापूस आणि चिमटा आधीच तयार ठेवा. अंडं बाहेर काढून झाकण लगेच लावा.
2. टोचेपासून सुरुवात करून रुंद टोकाकडचं, हवेच्या पोकळीवरचं कवचच फक्त थोडं थोडं काढा. पापुद्रा फाडू नका.
3. कापसानं पापुद्रा ओलसर करा. नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका.
4. ओल्या पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या तर तिथेच थांबा. अंडं परत मशीनमध्ये ठेवा आणि 3-4 तासांनी बघा.
5. लाल रेषा नसतील तर पापुद्रा हळूच बाजूला करून चोच आणि डोकं मोकळं करा. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्या. लाथा मारून बाहेर पडणं हे त्याचं काम आहे.
6. रक्ताचा थेंब दिसला तर कापूस हलका दाबून धरा आणि काम थांबवा.

असं निघालेलं प्रत्येक पिल्लू जगेलच असं नाही. जगलं तर पायाला खूण बांधा. ते गिऱ्हाईकाला देऊ नका, ब्रीडिंगलाही ठेवू नका.

खरी कमाई कारण शोधण्यात आहे

एखादं पिल्लू अडकणं चालायचंच. पण प्रत्येक बॅचमध्ये अडकत असतील, तर दोष मशीन चालवण्यात आहे.

- पापुद्रा कोरडा, पिल्लू आवळलेलं: शेवटच्या 3 दिवसांत आर्द्रता कमी पडली किंवा झाकण वारंवार उघडलं. 18 व्या दिवसानंतर आर्द्रता 65 ते 70 टक्के ठेवा.
- पिल्लू चिकट, सुजलेलं: पहिल्या 18 दिवसांत आर्द्रता जास्त झाली. तेव्हा 50 ते 55 टक्के पुरते. 50 ग्रॅमचं अंडं 18 व्या दिवशी साधारण 44 ग्रॅम भरायला हवं. वजनकाट्यावर हे तपासता येतं.
- निमुळत्या टोकाला टोच: अंडी उलटी मांडली गेली असू शकतात. ट्रेमध्ये रुंद टोक नेहमी वर ठेवा.
- सगळी बॅच उशिरा, पिल्लं मरगळलेली: तापमान कमी. पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 ते 37.8 अंश सेल्सिअस हवं. लाईट जात असेल तर इन्व्हर्टरशिवाय बॅच लावू नका.

न फुटलेली अंडी तशीच फेकू नका. फोडून बघा, पिल्लू कोणत्या अवस्थेत थांबलं ते वहीत लिहा. तीन बॅचच्या नोंदी समोर ठेवल्या की नेमकी चूक दिसायला लागते.

खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते आणि शेवटी शेवटी तर जागची हलत नाही. शेवटचे 3 दिवस आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

तुमच्या मागच्या बॅचमध्ये किती अंडी लावली आणि किती पिल्लं निघाली, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!