दहशतवादी कृत्याची व्याख्या आणि निषेधाचे स्वातंत्र्य

लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला समजावून दिला, हे सर्वश्रुत आहे. शब्दाचा अर्थ सैल केला की दंडाची कक्षा आपोआप विस्तारते, याचे इतके ठळक उदाहरण भारतीय न्यायेतिहासात क्वचितच सापडेल. पुढे १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम हिंसेस चिथावणी व सार्वजनिक अव्यवस्था यांपुरते मर्यादित केले. तथापि शब्दांच्या सैलपणाचा प्रश्न तेथे संपला नाही. तो दुसऱ्या कायद्यात पुन्हा उपस्थित झाला.

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियम १९६७ सालचा. मूळ कायद्याचा विषय बेकायदेशीर संघटना हा होता. दहशतवादाचे प्रकरण त्यात २००४ मध्ये, ‘पोटा’ रद्द होताना, घालण्यात आले. ‘टाडा’ व ‘पोटा’ हे कायदे निदान ठराविक मुदतीचे होते. हा कायमचा आहे.

त्यातील कलम १५ पाहावे. बाँब, स्फोटके, बंदुका, विषारी द्रव्ये अशी साधनांची यादी देऊन कलम अखेरीस ‘अन्य कोणत्याही स्वरूपाच्या साधनाने’ असे म्हणते. आणि परिणामांमध्ये जीवितहानीबरोबरच लोकजीवनास आवश्यक अशा पुरवठ्यात वा सेवांत व्यत्यय येणे याचाही समावेश करते. देशाच्या एकतेस वा सुरक्षिततेस धोका पोहोचविण्याचा, किंवा लोकांत दहशत पसरविण्याचा, हेतू अथवा संभव असावा लागतो, हे खरे. परंतु ‘संभव’ हा शब्द हेतूच्या शेजारी बसविला, की रस्ता अडविणारा मोर्चाही या वर्णनात ओढता येतो.

खरी मेख मात्र कलम ४३-ड च्या पाचव्या उपकलमात आहे. ते २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर, आले. आरोप सकृद्दर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे दिसली, तर न्यायालयास जामीन देता येत नाही. वटाली प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या टप्प्यावर पुराव्याचे बारकाईने मूल्यमापन करू नये. परिणामी जे भाषण अखेर निर्दोष ठरेल, त्याच्या वक्त्यालाही ते तसे ठरेपर्यंत अनेक वर्षे कारावास घडू शकतो. शिक्षा खटल्याच्या आधीच भोगून होते. नजीब प्रकरणात (२०२१) खटल्यातील दीर्घ विलंब हे जामिनाचे कारण मानले गेले. पण तो दिलासा विलंबामुळे मिळतो, भाषण निरपराध होते म्हणून नव्हे.

या पार्श्वभूमीवर दिल्ली उच्च न्यायालयाचे १५ जून २०२१ चे निर्णय महत्त्वाचे ठरतात. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनातील तीन विद्यार्थ्यांना जामीन देताना न्यायालयाने १९९४ च्या हितेंद्र विष्णु ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ‘टाडा’ प्रकरणाचा आधार घेतला. ज्या कृत्याचे परिणाम नेहमीच्या दंडविधानाच्या आवाक्याबाहेर जातात तेच दहशतवादी कृत्य, हे ते सूत्र. चिथावणीखोर भाषणे, चक्काजाम, निदर्शनांस लोकांना प्रवृत्त करणे यांना ते लागू होत नाही, आणि निषेधाचा अधिकार व दहशतवाद यांमधील रेषा शासनाच्या मनात पुसट होत आहे, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले.

शासनाचे म्हणणे असे की, फेब्रुवारी २०२० ची दिल्लीतील दंगल, जीत पन्नासहून अधिक माणसे मारली गेली, हा पूर्वनियोजित कट होता आणि निदर्शने हे त्याचे आवरण. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु खून, दंगल, कट यांसाठी सामान्य दंडविधानात कठोर शिक्षा आहेतच. विशेष कायद्याने त्यांत मुख्य भर पडते ती जामिनाच्या दुर्लभतेची.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२३ रोजी पोलिसांची अपिले निकालात काढली. विद्यार्थ्यांचा जामीन कायम राहिला; मात्र त्या निर्णयांतील कायद्याचा अर्थ पूर्वोदाहरण म्हणून वापरता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. अर्थात तिघांची सुटका टिकली, आणि ज्या तर्कावर ती झाली होती तो इतर आरोपींच्या उपयोगी पडण्याची वाट बंद झाली.